झाओसाहेबांची माफी

जोतिरामला गल्लीनं आजवर सुदामाच केलं होतं. गणपतीतल्या सजीव देखाव्यात फाटकं धोतर नेसून उभं राहायचं, कृष्णाच्या गळ्यात पडायचं आणि पोह्यांची पुरचुंडी पाठीमागं लपवायची. बरगड्या मोजता येतील असं अंग देवानं त्याला दिलं होतं आणि मंडळानं त्या अंगाचा पुरेपूर फायदा उठवला होता. सुदामा नसेल त्या वर्षी तो दुष्काळातला शेतकरी व्हायचा, नाहीतर दारूनं वाया गेलेला बाप. बोलायचं काम नसायचंच. बेळगावच्या वडगावातल्या त्यांच्या गल्लीत देखाव्याची रीतच अशी होती, की सगळे संवाद आधी रेकॉर्ड करून घ्यायचे, कर्ण्यातून घुमवायचे, आणि स्टेजवरच्यांनी नुसते ओठ हलवायचे. जन्मभर यंत्रमागाच्या खडखडाटावर ओरडून घोगरा झालेला जोतिरामचा आवाज गणपतीपुढं कधी कुणी ऐकलाच नव्हता. त्याच्या तोंडून युवराज बोलायचा. युवराजचा साउंड सिस्टीमचा धंदा आणि गळा भरदार. कृष्ण तोच, सुदामा तोच, मधूनमधून आकाशवाणीही तोच.

गेल्या वर्षी मात्र जोतिरामला सुदामाही केलं नाही.

झालं होतं असं. गल्लीच्या खालच्या तोंडाला मंडळानं गणपतीसाठी सिमेंटचा कायमचा कट्टा बांधला. बांधला तो नेमका गटारावर. पाणी जायला खालून पाइप घातला, पण तो असला बारीक की मोरीलासुद्धा पुरला नसता. पाऊस लागला आणि तुंबलेलं पाणी उतारावरच्या शेवटच्या घरात शिरलं. ते घर जोतिरामचं. सोप्यात, म्हणजे पुढच्या खोलीत, दोन यंत्रमाग. दोन्हीच्या मोटारी बुडाल्या, साडीच्या ताण्याचे धागे गुंडाळलेला बीम गटाराच्या पाण्यात भिजून कुजला. जोतिराम अध्यक्षाकडं गेला. अध्यक्ष म्हणजे नागेंद्र, उद्यमबागेत लेथ मशीनचं वर्कशॉप असलेला, हसतमुख, कुणालाही तोंडावर नाही न म्हणणारा माणूस. "बघूया की अण्णा," म्हणाला आणि पावसाळा सरेपर्यंत बघतच राहिला. पुढच्या पावसाळ्यात पुन्हा तेच. मग जोतिरामनं महापालिकेत तक्रार दिली. तिथून मंडळाला कानडीत नोटीस आली, आणि नागेंद्रनं ती सगळ्यांना मराठीत समजावून सांगताना तिचा अर्थ एका वाक्यात काढला. जोतिराम अण्णानं देवावर तक्रार केली.

बहिष्कार वगैरे शब्द कुणी काढला नाही. आजकाल तसं कोण बोलतं? वर्गणीवाले फक्त शेजारच्या घरातून निघाले आणि वळून परत गेले. आणि आरतीचा मान. त्या गल्लीत रोज संध्याकाळी एका घरच्या जोडप्याच्या हातात आरतीचं ताट द्यायची चाल आहे. जोतिरामच्या घराची पाळी आली त्या दिवशी त्याची बायको मालूबाई इस्त्रीचं शहापुरी लुगडं नेसून उंबऱ्यावर बसून राहिली होती. ताट तिच्या दारावरून पुढं गेलं. ती तशीच आत आली, लुगडं सोडून घडी घातली आणि भाकऱ्या थापायला बसली. 

यावर तोड काय, तेही नागेंद्रनं हसत हसत कळवलं होतं. तक्रार मागं घ्यायची आणि गणपतीपुढं हात जोडून चुकलो म्हणायचं. बस्स, एवढंच.

जोतिराम म्हणाला, "पानी माझ्या घरात आलतं. चुकलो मी कसा?"

यंदा देखाव्याच्या विषयासाठी मारुतीच्या देवळात मीटिंग बसली, तेव्हा मंडळ अडचणीत होतं. वरच्या गल्लीनं चांद्रयान करून बक्षीस मारलं होतं. सुदामाला आता परीक्षक जांभया द्यायचे. विज्ञानावरच काहीतरी करायचं, पण चांद्रयान नको, असं ठरलं आणि सगळे मंजुश्रीकडं बघायला लागले. मंजुश्री जोतिरामची मुलगी, मच्छेच्या हायस्कुलात भूगोल शिकवायची. मंडळाला आजवर मिळालेली दोन्ही बक्षिसं तिच्या संहितेवर आली होती. मंडळाला बाप नको होता, पण लेकीची लेखणी हवी होती. माणसाचा स्वाभिमान कसा सोयीनं वाकतो बघा.

"एक चिनी शास्त्रज्ञ हाय," मंजुश्री म्हणाली. "झाओ ज्यूझांग."

देवळात एकदम गलका झाला. सीमेवर आपली पोरं मेली, आणि आपण चिन्याला गणपतीपुढं उभा करायचा? लोक थुंकतील. भरमू म्हणून एक जाडजूड मागवाला आहे, कायम राक्षसाचं काम करणारा, तो तर उठूनच उभा राहिला. मंजुश्रीनं सगळ्यांना बोलू दिलं. वर्गातल्या पोरांना देते तसं.

"गणपतीवर माळा सोडताय त्या लाइटच्या, त्या कुठल्या?" तिनं विचारलं. "खोक्यावर वाचा की एकदा."

भरमू बसला. मग तिनं गोष्ट सांगितली. हा माणूस जर्मनीत शिकला, हवामानाच्या शास्त्रात डॉक्टर झाला. तिकडंच सुखानं राहू शकला असता, पण मायदेशात लढाई पेटलेली असताना परत आला. वाऱ्या-पावसाचा अंदाज गणितानं बांधायची विद्या त्यानं आपल्या देशात रुजवली. रशियानं आभाळात पहिला उपग्रह सोडला तेव्हा हा सरकारच्या मागं लागला, आपला आपण सोडायचा. काम सुरू झालं, त्यानं माणसं घडवली. आणि मग तिकडं असं एक वारं आलं, की शिकलेला माणूस म्हणजे देशाचा वैरी. त्याच्याच संस्थेतल्या लोकांनी त्याच्या गळ्यात पाटी अडकवली, चारचौघांत फिरवला, माझं काय काय चुकलं ते लिही म्हणून छळ छळ छळला. शेवटी त्यानं आपला जीव दिला. आणि दीड वर्षानं त्याच्या देशाचा उपग्रह आभाळात गेला.

"त्यानं बघितलाच न्हाय?" कोपऱ्यातून दुर्गाबाईनं विचारलं. भरमूची म्हातारी आई, मीटिंगला फक्त पानसुपारी खायला यायची.

"न्हाय काकू. मागाहून सरकारनं पदक दिलं, पुतळा उभारला."

"मागाहून," दुर्गाबाई म्हणाली आणि तिनं पानाची पिंक टाकायला बाहेरची वाट धरली.

विषय ठरला. असला देखावा अख्ख्या बेळगावात कुणी केलेला नसणार, हे नागेंद्रला सगळ्यांच्या आधी कळलं. मंजुश्रीनं एकच अट घातली. झाओचं काम तिचे आप्पा करणार. आता खरी बोलाचाली होणार म्हणून लोकांनी कान टवकारले, पण नागेंद्र लगेच म्हणाला, "करू देत की. अण्णा काय परके हायत? परीक्षक येतील त्या दिवशीच्या आरतीचा मानबी त्यांच्याच घरात देऊया." एवढ्या पटकन हो म्हणणाऱ्या माणसाकडं जरा निरखून बघायला हवं होतं. पण मंजुश्री शिक्षिका होती, संहिता मंजूर झाली की शिक्षकांना जग जिंकल्यासारखं वाटतं.

मालूबाईला तर आकाश ठेंगणं झालं. तिनं त्याच दिवशी लुगडं ट्रंकेतून काढून उन्हाला टाकलं. संध्याकाळी जेवायला वाढताना ती नवऱ्याला म्हणाली, "नागेंद्र स्वतःहून मान देतोय. तुमीबी जरा नमतं घ्या की. एकदा हात जोडलं म्हणून हात काय झिजत न्हाईत."

"तक्रारीचं काय?"

"ती घ्यायची मागं. पानी काय, येतंय आन जातंय."

जोतिरामनं ताटातली भाकरी मोडली. खरं सांगायचं तर त्याचंही मन डगमगत होतं. वर्षभर गल्लीत मान खाली घालून चालणं सोपं नसतं. चहाच्या टपरीवर तो गेला की बोलणं थांबायचं. मयतीला तेवढं बोलावणं यायचं, कारण मयतीला सगळेच लागतात. घरात पाणी शिरल्याचं त्यानं सहन केलं असतं, पण बायको उंबऱ्यावर नटून बसलेली आणि ताट पुढं गेलेलं, ते त्याच्या काळजात रुतून बसलं होतं. ती चूक आपली, असं त्याला कधीकधी वाटायचं. मग सोप्यातल्या भिंतीवरची ओल दिसायची आणि डोकं पुन्हा तापायचं.

हातात काम आलं तसा तो मंजुश्रीच्या मागं लागला. हा झाओ बसायचा कसा, चालायचा कसा? तिनं मोबाइलवर फोटो दाखवला. चष्मा, मागं वळवलेले केस, साधा कोट. मंडळातल्या पोरांना त्याचं आडनाव आधी आणि नाव नंतर हे काही उमजेना, म्हणून सगळेच त्याला झाओसाहेब म्हणायला लागले. गल्लीत साहेब म्हणावा असा तो पहिलाच चिनी.

"मंजू," एका दुपारी माग थांबवून जोतिरामनं विचारलं, "मग माफी मागितली काय त्यानं?"

मंजुश्री वह्या तपासत होती. तिनं पेन खाली ठेवलं.

"मला ठाऊक न्हाय आप्पा. त्याच्याकडनं लिहून घेतलं एवढं वाचलंय. काय लिहिलं, मनापासनं लिहिलं का न्हाय, त्ये त्यालाच ठाऊक. म्हणून मी त्या जागी संवादच ठेवला न्हाय. लोक ओरडतेत, माफी माग म्हणतेत, आन त्यो गप्प उभा हाय. मेलेल्या माणसाच्या तोंडात शब्द घालायचा अधिकार मला कुणी दिला?"

जोतिरामला हे फार पटलं. असं काहीतरी आपल्याला वर्षभर म्हणायचं होतं, असंही त्याला वाटलं.

तालमी रोज संध्याकाळी कट्ट्यावर व्हायच्या, तोच तो कट्टा. गळ्यातली पाटी रंगवायचं काम भरमूनं अंगावर घेतलं. पाटीवर चिनी अक्षरं हवीत असा त्याचा आग्रह. अक्षरं आणायची कुठून? त्यानं लाइटच्या माळेचं खोकं घेतलं आणि त्यावरची सगळ्यात ठसठशीत ओळ लाल रंगात मोठी करून काढली. काम नंबर एक झालं. कौतुक ऐकून तो फुगला, तेवढ्यात मंजुश्रीनं मोबाइल त्या अक्षरांवर धरला. "ओलाव्यापासून दूर ठेवावे" असा अर्थ निघाला. हसून हसून पोरांची मुरकुंडी वळली. जोतिराम मात्र हसला नाही. "ऱ्हाऊ दे," तो म्हणाला. "माझ्या गळ्यात हीच बरी दिसंल." हशा एकदम विरला आणि दोघंतिघं पायाखालच्या सिमेंटकडं बघायला लागले.

रेकॉर्डिंगला मंजुश्री स्वतः जाऊन बसली. गप्प उभ्या राहण्याच्या प्रसंगाला युवराज वैतागला. "टीचर, एवढा वेळ नुसती शांतता? लोकांना वाटंल माझा साउंड बंद पडला."

"वाटू दे," ती म्हणाली.

नागेंद्र दारात उभं राहून ऐकत होता. त्यानं हसतच विचारलं, "टीचर, ह्यात आमच्यावर काय न्हाय न्हवं?"

"चीनमधलं हाय की सगळं," मंजुश्रीही हसून म्हणाली. "तुमाला कशापायी लागायला पायजे?"

देखावा बघायला परीक्षक यायचे होते ती संध्याकाळ आली भुरभुर पावसात. गर्दी मात्र मावत नव्हती. चिनी माणूस गणपतीपुढं उभा राहणार ही बातमी शहापूरपर्यंत गेली होती. कुणी भक्तीनं आलं होतं, कुणी भांडायला. पुढं खुर्च्यांवर परीक्षक, त्यांच्या मागं बायका. मालूबाई बायकांच्या पहिल्या रांगेत, तेच लुगडं, नाकात नथ. देखावा संपला की लगेच आरती, आणि ताट तिच्या हातात येणार, हे तिनं शेजारणींना दोनदा सांगून झालं होतं.

पडदा सरकला. झाओसाहेब जर्मनीत शिकले, बोटीत बसले, मायदेशी आले. कर्ण्यातून युवराजचा आवाज घुमत होता आणि जोतिरामचे ओठ त्याच्यावर बिनचूक हलत होते. एवढ्या वर्षांची सवय. फळ्यावर ढग आणि वाऱ्याच्या रेघा काढून तो विद्यार्थ्यांना शिकवत होता तेव्हा भांडायला आलेले लोकही मान वर करून बघायला लागले. रशियाच्या उपग्रहाचा बीप बीप आवाज आला. झाओसाहेब आभाळाकडं बघून म्हणाले, "आपलाही एक तिथं फिरला पाहिजे." गर्दीतून एकाची शिट्टी आली.

मग वारं फिरलं. भरमू आणि त्याची पोरं दंडाला लाल पट्ट्या बांधून आत घुसली. राक्षसाच्या अनुभवाचं चीज झालं. टेबल उलथलं, कागद उधळले, झाओसाहेबांच्या गळ्यात पाटी आली. "माफी माग, माफी माग," कर्णा गरजला. जोतिराम मध्यभागी ताठ उभा राहिला. आता शांतता. मंजुश्रीनं तेवढ्यासाठीच सगळं लिहिलं होतं.

शांतता आली नाही. कर्ण्यातून युवराजचा आवाज आला, हुंदक्यानं भरलेला. "माझं चुकलं. समाजापेक्षा मी स्वतःला मोठा समजलो. चारचौघांत मी आपल्याच माणसांची तक्रार केली. मला पदरात घ्या. मी हात जोडतो."

जोतिरामला आधी काहीच कळेना. त्याचे ओठ सवयीनं उघडलेसुद्धा. पहिला शब्द त्यानं जवळजवळ उच्चारलाच होता. मग ते तक्रारीचं वाक्य कानावर पडलं आणि त्याच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. झाओसाहेबानं कुणाची तक्रार केली होती? त्यानं डावीकडं पाहिलं. विंगेत नागेंद्र मोबाइल धरून शूटिंग घेत होता, चेहऱ्यावर तेच हसू. भरमूच्या हातात कुणीतरी झेंडूचा हार दिला होता आणि तो गोंधळून उभा होता. सगळं ध्यानात आलं. मंजुश्री गेल्यावर नागेंद्रनं युवराजकडून हे मागाहून भरून घेतलं होतं. जोतिराम हात जोडणार, ओठ हलवणार, चुकलो म्हणणार, खुद्द गणपतीपुढं. उद्या ते सगळ्या गल्लीच्या मोबाइलवर फिरणार. तक्रारीचा निकाल महापालिकेनं लावायची गरजच उरणार नाही. आणि त्या परक्या मेलेल्या माणसाच्या तोंडातही, कुणी विचारायला नाही म्हणून, हवं ते कोंबलं जाणार.

त्याला संताप आला. खाली मंजुश्री खुर्चीवरून उठली होती, तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. मालूबाई मात्र बसल्या जागी आशेनं बघत होती. हात जोडा, असं तिचे डोळे म्हणत होते. त्या डोळ्यांकडं बघून एक क्षण, फक्त एक क्षण, त्याचे हात छातीपर्यंत वर आले.

मग त्यानं उजवा हात आणखी वर नेला आणि आपलं तोंड घट्ट दाबून धरलं.

कर्णा बोलतच होता. "मला क्षमा करा, मी पुन्हा असं करणार नाही." आणि स्टेजवरचा माणूस तोंडावर हात ठेवून उभा. मागं काही लोक हसले, त्यांना वाटलं मशीन बिघडलं. मग हसू थांबलं. आवाज एकाचा आणि माणूस दुसराच, हे असं उघड्यावर कधी कुणी पाहिलं नव्हतं. एरवी ओठांच्या हालचालीत सगळं खपून जायचं. कर्ण्यात हुंदका आला, जोतिरामचा डोळासुद्धा ओला झाला नाही. कर्ण्यात लोकांचा जयजयकार झाला, स्टेजवर चिटपाखरू हललं नाही. भरमू हार घेऊन दोन पावलं पुढं आला. जोतिरामनं त्याच्याकडं नुसतं बघितलं. भरमूनं हार टेबलाच्या मोडक्या पायावर ठेवला आणि तो मागं सरकला.

जोतिराम कट्ट्याच्या कडेला आला. त्यानं तोंडावरचा हात काढला.

"ह्यो आवाज माझा न्हवं," तो म्हणाला.

घोगरा, चिरका, मागाच्या खडखडाटावर चढवलेला आवाज. माइक नव्हता, पण मागच्या रांगेपर्यंत पोचला. युवराजनं घाबरून मशीन बंद केलं, तसा तो आणखी स्पष्ट झाला.

"माझ्या लेकीनं ह्या जागी काय लिहिलं न्हवतं. झाओसाहेब काय म्हणाला त्ये कुणाला ठाऊक न्हाय, म्हणून त्यो गप्प हुता. त्यो मेला. दीड वर्सानं त्याचा उपग्रह वर गेला. देखावा हितं संपतोय." तो थांबला. धाप लागली होती. "आन माझं म्हणाल तर, मी चुकलो न्हाय. ह्या कट्ट्याखाली गटार तुंबलंय. पानी माझ्या घरात आलतं. पुन्ना येईल तवा मी पुन्ना तक्रार देणार. ज्याला शूटिंग घ्यायचंय त्यानं आता घ्यावं."

नागेंद्रचा मोबाइल खाली आला. उपग्रह म्हणून तारेवर टांगलेला पत्र्याचा गोळा सोडायचा होता, तो सोडायचं कुणाच्या लक्षातच राहिलं नाही. परीक्षक एकमेकांशी कुजबुजले आणि छत्र्या उघडून निघून गेले. बक्षीस गेलं हे शेंबड्या पोरालाही कळलं. कुणीतरी मागून ओरडलं, "देवापुढं तमाशा." कुणीतरी त्याला गप बस म्हणालं. टाळ्या वगैरे काही वाजल्या नाहीत. गल्ल्या अशा एका संध्याकाळीत बदलत नसतात.

मंजुश्री धावत कट्ट्यापाशी आली. "आप्पा, माझ्या ध्यानात यायला पायजे हुतं," ती म्हणाली. तिला रडू आवरत नव्हतं. जोतिरामनं तिच्या डोक्यावर हात ठेवला. "तुझं लिहिलेलंच केलं मी," तो म्हणाला. "गप उभा राहिलो. पुढचं तेवढं माझ्या पदरचं."

आरतीची वेळ झाली होती. देव कुणासाठी थांबत नाही, निदान मंडळाचा तरी. पुजाऱ्यानं ताट तयार करून नागेंद्रकडं दिलं. नागेंद्रनं ताट हातात घेऊन पहिल्या रांगेकडं पाहिलं. मालूबाई उभी होती, पदर दोन्ही खांद्यांवरून घेतलेली. दोघांची नजरानजर झाली. नागेंद्रचं हसू गेलं होतं, पण मालूबाईशी त्याचं काही वैर नव्हतं. लहानपणी त्यानं तिच्या हातच्या भाकऱ्या खाल्ल्या होत्या.

"आक्का," तो हळू आवाजात म्हणाला, "अण्णांना एक शब्द बोलायला सांगा. एकच. ताट तुमचंच हाय."

गर्दी बघत होती. जोतिराम पाटी गळ्यात तशीच ठेवून कट्ट्यावरून खाली उतरला आणि बायकोजवळ येऊन उभा राहिला.  तिला काय हवंय ते त्याला ठाऊक होतं, आणि ते तिला देणं आता आपल्या हातात नाही, हेही. तिनं मागितलंच तर काय करायचं, हे त्याला कळेना. कर्ण्याला तो भ्याला नव्हता. तिला भ्याला.

मालूबाईनं ताटाकडं पाहिलं. निरांजनाची वात पावसाळी वाऱ्यानं फडफडत होती. तिनं हात पुढं केला, वातीला आडोसा धरला आणि ताट तसंच्या तसं नागेंद्रच्या हातात राहू दिलं.

"भरमूच्या घरात दे," ती म्हणाली. "ताटासाठी आमी घरातली ओल चाटून खाणार न्हाय."

भरमू आणि त्याच्या बायकोनं मान खाली घालून आरती धरली. जोतिराम आणि मालूबाई मागं जाऊन उभी राहिली, निघून गेली नाहीत. निघून जायला देव काही नागेंद्रचा एकट्याचा नव्हता. मालूबाई आरती मोठ्यानं म्हणाली, आजूबाजूच्या बायकांना दोनदा वळून बघावं लागलं इतक्या मोठ्यानं. प्रसाद वाटणारी पोरं त्यांच्यापाशी येऊन घुटमळली, तेव्हा तिनं स्वतःच हात पुढं केला. पोरांनी दिला.

घरी जाताना पाऊस वाढला. कट्ट्यापाशी पाणी साचायला लागलं होतं, त्यातून वाट काढत तिघं चालली होती. दाराशी आल्यावर मालूबाईनं नथ काढून पदराच्या टोकाला बांधली आणि लुगड्याचा ओचा वर खोचला.

"कार्पोरेशन किती वाजता उघडतंय?" तिनं विचारलं.

"धाला. कशापायी?"

"माझ्याबी सहीचा एक कागद द्यायचा हाय," ती म्हणाली आणि मागाखाली पाणी शिरलं का बघायला कंदील घेऊन आत गेली.